बैल गेला, शेपूट राहिलं

माझ्या संग्रही आजमितीला १९ शेपट्या आहेत. ११ बैलांच्या, ४ कुत्र्यांच्या, ३ खंड्या पक्ष्याच्या आणि १ डेक्कन क्वीनची. गाडीच्या शेवटच्या डब्यावर ती मोठी फुली रंगवलेली असते ना, गाडी पूर्ण गेली हे स्टेशनवाल्यांना कळावं म्हणून, ती माझ्या फोटोत इतकी ठसठशीत आली आहे की रेल्वेनेच मागून न्यावी. इंजिन मात्र माझ्याकडे नाही. इंजिन मी फक्त डोळ्यांनी पाहिलं आहे.

ही सगळी कमाई एका खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याची. २०१० च्या दिवाळीत तो घेतला. दुकानातल्या मुलाने मेगापिक्सेल सांगितले, झूम पुढेमागे करून दाखवलं, वर पाउच आणि ४ जीबीचं कार्ड फुकट दिलं. फोकस व्हायला किती वेळ लागतो, हे मी विचारलं नाही. साडी घेताना ती वाळायला किती वेळ लागते हे कोणी विचारतं का? ते पहिल्या पावसाळ्यात कळतं. मला मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला कळलं.

तिने फुंकर मारली, त्याच क्षणी मी बटण दाबलं. कॅमेरा म्हणाला, टुर्र. मग टिक. मग पुन्हा टुर्र. मग कपाळावरचा बारीक दिवा लावून त्याने केककडे निरखून पाहिलं. मग एक फ्लॅश पडला. डोळे लाल येऊ नयेत म्हणून खऱ्या फ्लॅशच्या आधी असा एक नमुन्याचा फ्लॅश पडतो, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. ‘झाला’ असं समजून सगळ्यांनी हसू आवरलं, आत्याने आत ओढून धरलेलं पोट सोडलं, भाचा केकवर झेपावला, आणि मग फोटो निघाला. त्यात पाच मेणबत्त्यांचा धूर आहे, आत्याची पाठ आहे आणि कुणाचा तरी क्रीमने माखलेला अंगठा आहे. अंगठा फोकसमध्ये आहे.

असं का होतं याचा मी पुढे अभ्यास केला. अभ्यास म्हणजे दुकानात जाऊन भांडायचं होतं, म्हणून मुद्दे गोळा केले. निघालं ते असं की मोठ्या कॅमेऱ्यात, जो गळ्यात अडकवून मिरवायचा असतो त्यात, फोकसची सोयच वेगळी. तिथे आत येणारा थोडा प्रकाश दोन वाटांनी नेतात आणि दोन प्रतिमा एकमेकींशी ताडून बघतात. त्या किती सरकल्यात यावरून भिंग कोणत्या बाजूला आणि किती हलवायचं, हे कॅमेऱ्याला एका नजरेत कळतं. पाहुणे दारात दिसताच किती वाट्या तांदूळ वाढवायचा हे आजीला कळायचं, तसं.

आमच्या गरिबाचं तसं नाही. तो भिंग थोडं हलवतो आणि चित्रातल्या काळ्यापांढऱ्याचा फरक वाढला का, बघतो. वाढला? अजून हलवतो. अजून वाढला? अजून हलवतो. आता कमी झाला! म्हणजे मघाशी होतं तेच बरोबर होतं, असं म्हणून मागे येतो. जुन्या रेडिओवर विविध भारती लावताना काटा पुढे जायचा, आवाज स्वच्छ यायचा, तरी हात थांबायचा नाही, खरखर सुरू झाली की मग मागे. नेमकी जागा ओलांडल्याशिवाय ती नेमकी होती हे कळायचंच नाही. रेडिओचं बरं होतं, गाणं तीन मिनिटं चालायचं. मांजर तीन मिनिटं उडी मारत नाही.

बरं, एकदा फोकस झाला की पठ्ठ्या सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो काढतो. तिथे त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण त्या हजाराव्या भागाआधी अर्धा सेकंद तयारी. लग्नाला निघालेलं आमचं घर जसं. कार्यालय दहा मिनिटांवर, निघायला दोन तास.

वडिलांना हा त्रास कधी झाला नाही. त्यांच्याकडे डबा कॅमेरा होता. १२० चा रोल, त्यात ८ फोटो, आणि फोकस कारखान्यातूनच ठरून आलेला. चारेक पावलांच्या पुढचं सगळं त्याला सारखंच दिसायचं. कॅमेरा थांबत नसे, म्हणून माणसं थांबत. “हलू नका” ही आज्ञा होती. आमच्या घराण्यात १९५५ ते १९८५ या काळात कोणी हललेलं नाही. काका सायकलवर बसून स्थिर आहेत, आत्या फुगडीच्या पवित्र्यात स्थिर आहे, विहिरीत उडी मारायला निघालेला चुलतभाऊसुद्धा आधी काठावर दोन मिनिटं हात जोडून उभा आहे. आणि सगळे फोकसमध्ये आहेत. हलत्या माणसाचा फोटो काढावा ही आमच्या पिढीची हाव.

त्या हावेपोटी मी काय काय केलं, ते थोडक्यात सांगतो. शाळेच्या क्रीडादिनी कबड्डी काढली: चढाई करणारा गेला, मधली रेघ आली. दहीहंडी काढली: सात थर लागेपर्यंत मांडीवर थाप मारत तयार होतो, हंडी फुटली तेव्हा कॅमेरा मागच्या इमारतीवरच्या क्लासच्या पाटीला फोकस करत होता. नववी-दहावी, सर्व विषय, अगदी फोन नंबरासकट वाचता येतं. खंड्याच्या पाण्यातल्या सुराचे ६० फोटो काढले. त्यातल्या ५७ फोटोंत तो ज्या तारेवर बसला होता ती तार आहे.

कॅमेऱ्याच्या वरच्या चकतीवर पळणाऱ्या माणसाचं एक चित्र आहे. खेळांचे फोटो काढताना चकती तिथे फिरवावी, असं पुस्तिकेत लिहिलंय. फिरवली. कॅमेरा सटासट पाच फोटो काढू लागला, पण फोकस पहिल्या फोटोला जो केला तोच पाचही वेळा. म्हणजे आधी एक चुकत होता, आता पाच एकाच प्रकारे चुकू लागले. शिवाय पाच झाले की ते कार्डावर लिहायला तो जो बसायचा, ते तलाठी कार्यालयात बसल्यासारखा. तोवर पडद्यावर वाळूचं घड्याळ. एकूण हिशेब केला तर त्या कॅमेऱ्यात स्पष्ट आलेला पळणारा माणूस एकच, तो चकतीवरचा.

शेवटी मी त्याला कपाटात ठेवला आणि मोबाइल वापरू लागलो. तिथेच हे प्रकरण संपायचं. पण २०२२ च्या चैत्रात मेहुण्याचा फोन आला.

सासुरवाडी खेड तालुक्यात. राजगुरुनगरच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. तिथल्या यात्रेत बैलगाडा शर्यत व्हायची. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती बंद झाली. १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली, त्यामुळे इतक्या वर्षांनी यात्रेत पुन्हा घाट भरणार होता. (२०२३ मध्ये १८ मे रोजी घटनापीठानेही राज्याचा कायदा ग्राह्य धरला, तेव्हा त्या गावात जे पेढे वाटले गेले तेवढे आमच्या लग्नात वाटले नव्हते.) बंदीपूर्वीचे बैल थकले होते. आता नवे बैल, नवा गाडा, गाडामालक म्हणून मेहुणाही नवा. जुना फक्त मी आणि माझा कॅमेरा.

“दाजी, तुमचा तो कॅमेरा घेऊनच या,” मेहुणा म्हणाला. “बारी जिंकली की फ्लेक्स लावायचाय.”

“अरे, मोबाइलवर काढू की.”

“मोबाइलचा फोटू फ्लेक्सला फाटतो, दाजी. पार ठिपके ठिपके दिसत्यात. कॅमेराच आणा.”

जावयाला सासुरवाडीत कशासाठी तरी बोलावलं जाण्याचे प्रसंग वय वाढेल तसे कमी होत जातात. मी बॅटरी चार्ज केली.

वाटेत चाकणच्या चौकात पाऊण तास अडकलो. हात बसावा म्हणून तिथल्या कोंडीचे काही फोटो काढले. एकाहून एक सरस आले. इतका समंजस विषय माझ्या कॅमेऱ्याला आधी कधी मिळाला नव्हता.

ज्यांनी घाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथला घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. चढाची सरळ धावपट्टी, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. पुढे दोन बैल, मागे दोन बैल, त्यांच्या मागे हलका दोन चाकी गाडा, गाड्यावर कोणी नाही. सगळ्यांच्या पुढे घोडी पळवणारा एक स्वार. एका गाड्याच्या एका धावेला म्हणायचं बारी. बारी सुटते तेव्हा माइकवरचा माणूस ‘भिर्रर्र’ अशी आरोळी ठोकतो आणि तिचा र संपायच्या आत बारी संपलेली असते. बारा सेकंद, तेरा सेकंद. घड्याळात सेकंदाच्या खालचे आकडेही मोजतात, कारण बक्षिसं तिथेच ठरतात. बारा सेकंदांसाठी माणसं वर्षभर बैलाला जीव लावतात, पोरांच्या आधी त्याला खाऊ घालतात. आणि माझ्या हातातलं यंत्र नुसतं जागं व्हायला तीन सेकंद घेत होतं.

पहिल्या बारीला मी बैलांवर कॅमेरा रोखला. टुर्र, टिक, टुर्र. फोटोत धूळ. दुसऱ्या बारीला जरा आधी रोखला. धूळ आणि शेपट्या. तिसऱ्या बारीला घाबरून फार आधी दाबलं: घोडीवाल्याचा फेटा, तोही अर्धा. चौथ्या बारीला कॅमेऱ्याने बैल सोडून पलीकडचा उसाच्या रसाचा गाडा पकडला आणि ‘पीप पीप’ करून आनंद व्यक्त केला. ती पीप पीप मला आजवर कधी वेळेवर ऐकू आलेली नाही. ती नेहमी वरात गेल्यावर वाजलेल्या ताशासारखी.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ स्टुलावर बसून शांतपणे फोटो काढत होते. तालुक्याच्या गावी त्यांचा स्टुडिओ. सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. हातातला कॅमेरा मोठा होता, पण माझं लक्ष त्यांच्या मानेकडे गेलं. बारी सुटली की अख्खा घाट मान उजवीकडून डावीकडे फिरवायचा, अण्णांची मान हलतच नव्हती. चार बाऱ्या त्यांनी माझी फजिती पाहिली, पाचवीला राहवलं नाही.

“पाव्हणं, बैलाच्या मागं कशाला लागताय?”

“मग?”

“बैल कुठं येणार हे ठाऊक हाय ना? तो काय रस्ता बदलणार हाय? तिथं आधीच जाऊन बसा.” आणि त्यांनी बोटाने निशाणाजवळची चुन्याची रेघ दाखवली. “तिच्यावर फोकस करा. बटण अर्धं दाबून धरा. बैल आला की उरल्यालं अर्धं दाबा.”

बारा वर्षांत पुस्तिकेने जे सांगितलं नव्हतं (किंवा मी वाचलं नव्हतं) ते अण्णांनी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांचं पुढचं बोलणं तर आणखी मोलाचं: “तुमच्या कॅमेऱ्याला खिल्लार दिसतच नाय. पांढरा बैल, पांढरी धूळ. पकडायचं कशाला?” खरंच की. काळ्यापांढऱ्याचा फरक शोधत फिरणारं ते यंत्र, त्याच्यासमोर मी शुभ्र बैलाची सपाट कूस धरत होतो. वर धुळीचा पडदा. त्याला धरायला एक रेघ तरी हवी होती, आणि तांबड्या मातीवर चुन्याची रेघ नुकतीच ताजी मारलेली होती.

रेघेवर कॅमेरा धरला. टुर्र, टिक, पीप पीप. अर्ध्या सेकंदात! चौकटीत हिरवा चौकोन लागला. बटण अर्धं दाबून मी उभा राहिलो. आता बैल येऊ देत. पण ते येत नव्हते. गाडा जुंपताना एक बैल अडला, मग घोडी बुजली, मग माइकवरून कोण्या माजी सभापतींचं आगमन झालं आणि त्यांना नारळ-टॉवेल झाला. माझं बोट अर्ध्यावर. जास्त दाबलं तर फोटो निघणार, सोडलं तर फोकस जाणार. नाकावर माशी. माशीसुद्धा मला फोकसमध्ये दिसत होती.

तशा अवस्थेत मला मायब्रिज आठवला. एडवर्ड मायब्रिज. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला लेलँड स्टॅनफर्ड नावाच्या श्रीमंत घोडेशौकिनासाठी त्याने धावत्या घोडीचे फोटो काढले. चौखूर धावताना तिचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हे बघायचं होतं. (सुटतात.) त्याने घोडीचा पाठलाग केला नाही. १२ कॅमेरे ओळीने लावून ठेवले, वाटेवर दोरे ताणले आणि घोडीच्याच पायाने एकेक दोरा ओढला जाऊन फोटो निघत गेले. म्हणजे अण्णांचीच युक्ती. फक्त बटण दाबायचं कामही त्याने घोडीवर सोपवलं. मी क्षणभर घाटाकडे बघितलं. इथे आडवा दोरा बांधला असता तर यात्रा कमिटीने त्याच दोऱ्याने मला निशाणाला बांधलं असतं.

बारी सुटली. बैल रेघेवर दिसताच मी दाबलं. फोटो पाहिला. शेपट्या. पण धुरकट नव्हेत.

“दिसल्यावर दाबलं ना?” अण्णा माझ्याकडे न बघताच म्हणाले. “दिसायच्या आधी दाबायचं.”

मी मनात हिशेब केला. बैल ताशी ३६ किलोमीटरने आले तर सेकंदाला १० मीटर. डोळ्यांनी पाहून बोटाला निरोप पोचायला सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो, तेवढ्यात बैल २ मीटर पुढे. उरलेलं अर्धं बटण दाबल्यावर कॅमेरा जो काही आळस देतो त्यात आणखी मीटरभर. तीन मीटर म्हणजे दहा फूट. म्हणजे बैल रेघेच्या दहा फूट अलीकडे असतानाच दाबायला हवं. तिथे नेमका झेंड्याचा एक बांबू रोवलेला होता. बांबू आला की दाबायचं.

पुढच्या बारीला बांबू धरला. आणि आला! तोंडासकट बैल आला. ताणलेल्या नाकपुड्या, कपाळावरचा भंडारा, शिंगांच्या टोकांना बांधलेले लाल गोंडे हवेत आडवे, पुढचे दोन्ही पाय उचललेले, खुरांखालून उडालेला चुना थेंबाथेंबाने वेगळा. बारा वर्षांत मी काढलेला हा पहिला हलता फोटो. मी ओरडलोच. अण्णांनी बघितला, “झ्याक” म्हणाले. मेहुणा धावत आला, फोटो बघितला आणि त्याचा चेहरा पडला. बैल शेजारच्या गावचे होते. त्या गावाशी यांचं चारीच्या पाण्यावरून भांडण आहे. “हा पुसून टाका, दाजी,” तो हळूच म्हणाला. मी पुसला नाही, पण पुढे तो फोटो मी सासुरवाडीत कोणाला दाखवलेलाही नाही.

मग आमची बारी. रेघेवर फोकस, हिरवा चौकोन, बोट अर्ध्यावर, डोळा बांबूवर. भिर्रर्र झाली. बांबू आला, दाबलं.

११ सेकंद आणि काही पॉइंट. त्या दिवशीची सगळ्यात वेगवान बारी, घाटाचा राजा. पोरांनी मेहुण्याला खांद्यावर घेतलं, हलगी वाजायला लागली, सासरे डोळे पुसत बैलाच्या गळ्याला मिठी मारून उभे होते. मी पडद्याकडे बघत होतो. हिशेब मी तेरा सेकंदांच्या बैलांवर बसवला होता आणि हे अकराचे निघाले. शिवाय, खोटं का बोला, बारी घरची होती. मी ओरडत होतो, आणि ओरडणाऱ्या माणसाचं बोट जरा मागेच राहतं. फोटोत चार शेपट्या होत्या, गाड्याचं एक चाक आणि सोनेरी धुळीचा एवढा मोठा लोट. चारही शेपट्या केसन्‌केस स्पष्ट. फोकसला नाव ठेवायची सोय नाही.

मेहुण्याला मी भीत भीत दाखवला. तो खांद्यावरूनच खाली वाकला, बघितला आणि खूश झाला. “बघा! कॅमेऱ्याच्याबी हातात घावला नाय!” तो फोटो त्याने संध्याकाळपर्यंत पन्नास जणांना दाखवला. शेपट्या बघून बैल ओळखणारी माणसं होती ती. डावीकडचा बाज्या, उजवीकडचा सोन्या, असं बरोबर सांगत होती.

फ्लेक्सला मात्र तोंडं लागतात. ती बायकोने दिली. सकाळी गोठ्यात बैलांना ओवाळताना तिने मोबाइलवर चौघांचा एक फोटो काढला होता. बैल उभे, रवंथ करताहेत, कुठे जायची घाई नाही. फ्लेक्सवाल्याने तो घेतला. अडचण एकच, चौघांचे पाय गुडघ्यापर्यंत कडब्यात बुडालेले होते आणि कडब्यात उभा असलेला बैल घाटाचा राजा दिसत नाही. तेव्हा त्याने माझा फोटो मागवून घेतला, शेपट्या कापल्या, चाक कापलं, आणि उरलेला लोट बैलांच्या पायांवर पसरला.

फ्लेक्स वीस फुटी होता. मोबाइलचा फोटो अजिबात फाटला नाही. मधोमध चार बैल, वर मेहुणा, बाजूला गावातले सदतीस शुभेच्छुक, आणि खाली कोपऱ्यात ‘छायाचित्र सौजन्य’ म्हणून बायकोचं नाव. यात्रेनंतर तीन आठवडे तो फाट्यावर होता. येणारे-जाणारे गाडी थांबवून बघायचे. त्यातली धूळ माझी आहे.